चौकटीचे पहारेकरी : ऑनलाइन अर्ज 'वैध' कोण ठरवतो?

१/
संकेतस्थळावरचा अर्ज भरताना चौकटीखाली लाल अक्षरांत एक ओळ उमटते : 'कृपया वैध माहिती भरा.' रेल्वेचे तिकीट असो, बँकेचे खाते असो वा परीक्षेचा अर्ज, ही ओळ सर्वत्र भेटते. ती त्या क्षणी कोणा कारकुनाने लिहिलेली नसते. तिच्यामागे प्रोग्रॅमचा एक छोटा, शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा वापरला जाणारा भाग असतो. हा भाग कसा घडला, 'वैध' म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवले आणि त्या शिकवणीतून कोण निसटले, याचा हा इतिहास. #धागा

२/
आरंभ संगणकाच्याही आधी होतो. १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी छिद्रांकित कार्डांवरून मोजणी केली आणि तेव्हापासून माणसाने लिहिलेली माहिती यंत्राच्या भाषेत उतरवणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. त्यासोबत चुकाही आल्या. १९४९ साली आलेल्या आयबीएमच्या ०५६ या पडताळणी यंत्रावर दुसरी व्यक्ती मूळ कागद पाहून तीच माहिती पुन्हा टंकित करत असे. दोन्ही नोंदी जुळल्या की कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडे. जुळल्या नाहीत, तर चुकलेल्या स्तंभाच्या डोक्यावर.

३/
या पद्धतीला एक मर्यादा होती. कार्ड कागदाशी जुळते की नाही एवढेच ती सांगू शके. कागदावरच 'वय २४५' लिहिले असेल, तर दोन्ही टंकलेखक ते निष्ठेने उतरवत. लिहिलेले नीट उतरले का आणि लिहिलेले संभवनीय आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला पडताळणीचा, दुसरा वैधतेचा. पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

४/
दुसऱ्या प्रश्नाला एक देखणे उत्तर आयबीएममधीलच हान्स पीटर लून यांनी दिले. त्यांनी १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली ते मंजूर झाले. कल्पना साधी होती : क्रमांकाच्या शेवटी एक असा अंक जोडायचा, जो आधीच्या सर्व अंकांवरून गणिताने निघतो. एखादा अंक चुकला की हिशेब जुळत नाही. आजही बँकेच्या कार्डाचा क्रमांक चुकवला, तर संकेतस्थळ बँकेला न विचारताच तो नाकारते, ते याच सूत्राच्या आधारे. येथे नियम क्रमांकातच विणलेला आहे.

५/
१९५९-६०मध्ये आकाराला आलेल्या कोबोल भाषेने नियम माहितीच्या व्याख्येत आणला. प्रत्येक रकान्याचे 'चित्र' आधीच काढायचे : इतके अंक, इतकी अक्षरे. १९७१ साली आलेल्या आयबीएम ३२७० टर्मिनलने तोच विचार पडद्यावर नेला. काही चौकटी बंद, काही फक्त अंकांसाठी. माणूस पूर्ण पडदा भरतो आणि मगच तो मोठ्या संगणकाकडे पाठवतो. पडदा भरणे, पाठवणे आणि उत्तराची वाट पाहणे हा क्रम आजच्या अर्जांनाही ओळखीचा वाटावा.

६/
वेबवर अर्ज अवतरला तो १९९३ साली. डेव्ह रॅगेट यांच्या एचटीएमएल-प्लसच्या मसुद्यात त्याची मांडणी होती आणि एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या मोझॅक ब्राउझरने त्याच वर्षी तो प्रत्यक्षात दाखवला. नोव्हेंबर १९९५मध्ये एचटीएमएल २.० या प्रमाणात तो अधिकृत झाला. मजकुराची चौकट, पासवर्ड, पर्यायांची गोळी, यादी, पाठवण्याचे बटण, सारे त्यात होते. 'ही चौकट रिकामी ठेवता येणार नाही' असे सांगण्याची सोय मात्र नव्हती. कोबोल आणि ३२७०ने जे कमावले होते, त्यातले बरेचसे वेबने पहिल्याच पावलावर गमावले.

७/
शिवाय वेबवरून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच येई. वय '२५' हे संख्या नसून दोन चिन्हे असत. तारीख हीही चिन्हांची मालिका. त्यांचा अर्थ लावणे हे सर्व्हरवरील प्रोग्रॅमचे काम होते. पर्ल भाषेत अशा असंख्य छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या गेल्या. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली खुल्या केलेल्या साधनांना लवकरच 'पीएचपी/एफआय' हे नाव मिळाले. त्यातील 'एफआय' म्हणजे 'फॉर्म्स इंटरप्रिटर', अर्जांचा दुभाषा. आज जगभर पसरलेल्या एका भाषेच्या जन्मनावातच अर्ज आहे.

८/
या काळातली तपासणी कशी असे? पानाची मांडणी, डेटाबेसची आज्ञा आणि 'नाव रिकामे असेल तर थांब' ही अट, तिन्ही एकाच फायलीत एकमेकांत गुंतलेली. दुसरा अर्ज बनवायचा झाला की ती फाईल उतरवून घेऊन बदलायची. वीस अर्जांत ईमेलची तपासणी वीसदा लिहिलेली आणि प्रत्येक ठिकाणी किंचित निराळी. नियम बदलला तर एकोणीस ठिकाणी दुरुस्ती होई आणि विसावे राहून जाई. पुन्हा वापरता येणाऱ्या भागांची गरज या विसाव्या फायलीतून जन्मली.

९/
१९९५च्या अखेरीस नेटस्केपने जाव्हास्क्रिप्ट जाहीर केली. ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना त्याच वर्षी मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत लिहिला होता. मंद मोडेमच्या त्या काळात रिकाम्या चौकटीची तक्रार सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास बराच वेळ लागे. ती तक्रार ब्राउझरनेच जागच्या जागी करावी, हा या भाषेचा अगदी आरंभीचा आणि लोकप्रिय उपयोग ठरला. पण त्यातून एक भ्रम पसरला : ब्राउझरने तपासले म्हणजे काम झाले.

१०/
ब्राउझर वापरणाऱ्याच्या हाती असतो. जाव्हास्क्रिप्ट बंद करता येते आणि अर्ज न उघडताही सर्व्हरकडे हवा तो मजकूर पाठवता येतो. डिसेंबर १९९८मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकातील एका लेखाने दाखवून दिले की चौकटीत भरलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत तसाच चिकटवला, तर तो मजकूरच आज्ञा बनू शकतो. पुढे या प्रकाराला एसक्यूएल इंजेक्शन म्हटले जाऊ लागले. यातून पहिला टिकाऊ सिद्धान्त निघाला : ब्राउझरमधील तपासणी ही सोय आहे, सर्व्हरवरील तपासणी ही सुरक्षा आहे.

११/
या धड्याचा एक चुकीचा अर्थही लावला गेला. आज्ञा फोडण्यासाठी एकेरी अवतरणचिन्ह वापरले जाते, म्हणून अनेकांनी ते चिन्हच निषिद्ध ठरवले. आयर्लंडमधील ओ'ब्रायन, ओ'कॉनर ही आडनावे रोमन लिपीत याच चिन्हासह लिहितात. ती 'अवैध' झाली. खरा उपाय होता मूल्य आणि आज्ञा वेगवेगळ्या मार्गांनी डेटाबेसकडे देणे. तो उपाय डेटाबेसच्या बाजूने करायचा सोडून भार माणसाच्या नावावर टाकला गेला. प्रोग्रॅमची सोय आणि माहितीची वैधता यांची ही गल्लत पुढेही पुन्हा पुन्हा दिसते.

१२/
दरम्यान प्रोग्रॅमिंगच्या दुसऱ्या एका परंपरेकडे उत्तराची सामग्री तयार होती. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत 'वर्ग' आणि 'वस्तू' या कल्पना मांडल्या : माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधायच्या. १९७८-७९मध्ये झेरॉक्स पार्क येथे ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी माहिती, तिचे दर्शन आणि तिचे नियंत्रण हे तीन भाग अलग केले. बर्ट्रंड मेयर यांनी आयफेल भाषेतून 'करार' ही कल्पना रूढ केली : वस्तूकडे काय द्यायचे आणि बदल्यात काय मिळेल, हे तिने स्वतःच घोषित करावे.

१३/
ही परंपरा अर्जांपर्यंत सर्वांत ठळकपणे पोहोचली ती फेब्रुवारी २००२मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटसोबत. तिच्यात तपासणीचे तयार घटक होते : चौकट भरलेली आहे का पाहणारा, मर्यादा पाहणारा, दोन मूल्यांची तुलना करणारा, मजकुराचा साचा पाहणारा आणि प्रोग्रॅमरने स्वतः घडवायचा. हे सारे एकाच मूळ वर्गाचे वंशज. सर्व चुका एकत्र मांडणारा सहावा घटक वेगळा. पानावर घटक ठेवला की तो ब्राउझरसाठी जाव्हास्क्रिप्ट पुरवी आणि सर्व्हरवरही पुन्हा तपासणी करी. नियम एकदा लिहायचा, पहारा दोन्ही दारांवर.

१४/
पण हे पहारेकरी पानाला बांधलेले होते. तीच माहिती दुसऱ्या पानावरून किंवा फायलीतून आली, तर नियम पुन्हा मांडावा लागे. जाव्हाच्या जगात स्ट्रट्स या चौकटीने नियम वेगळ्या एक्सएमएल फायलींत नेले. प्रोग्रॅम न बदलता नियम बदलता येऊ लागले, परंतु चौकटीचे नाव एका ठिकाणी आणि तिचा नियम दुसऱ्या ठिकाणी अशी फारकत झाली. २००४ साली डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांच्या रेल्सने तिसरा मार्ग घेतला : नियम ना पानात, ना फायलीत; ज्या वस्तूची माहिती आहे, त्या वस्तूच्या वर्गातच.

१५/
तिन्ही मार्गांतील ताण एकाच प्रकल्पात पाहायचा असेल, तर जँगोचा इतिहास उपयोगी पडतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी तो २००३च्या सुमारास लिहू घेतला. जुलै २००५मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे नाव त्याला दिले गेले. बातमीच्या घाईत नवी पाने उभी करायची असल्याने पुनर्वापर ही तेथे हौस नव्हती, दैनंदिन गरज होती.

१६/
जँगोच्या पहिल्या आवृत्त्यांत अर्ज हाताळणाऱ्या वस्तूंना 'मॅनिप्युलेटर' म्हणत. माहितीचा वर्ग लिहिला की दोन मॅनिप्युलेटर आपोआप तयार होत : एक नवी नोंद करणारा, एक जुनी बदलणारा. काम तीन टप्प्यांत चाले. आधी कच्च्या मजकुरावर तपासणी, मग वेगळ्या आज्ञेने त्याचे संख्या किंवा तारखेत रूपांतर, मग जतन. तपासणी करणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या हाती त्या चौकटीबरोबर संपूर्ण अर्जातील माहितीही दिली जाई.

१७/
दोष येथेच होते. 'ही तारीख खरी आहे का' हे ठरवायला मजकुराची तारीख करून पाहावी लागते. म्हणजे तपासणीत एकदा रूपांतर आणि नंतर पुन्हा तेच रूपांतर. मधला टप्पा विसरला गेला, तर कच्चा मजकूर तसाच पुढे जाई. आणि ज्या फंक्शनला सगळा अर्ज दिसतो, ते हळूहळू त्या विशिष्ट अर्जावर अवलंबून राहू लागते. मग ते दुसरीकडे नेता येत नाही. पुनर्वापरासाठी केलेली रचना पुनर्वापराच्याच आड आली.

१८/
म्हणून मार्च २००७च्या ०.९६ आवृत्तीत 'न्यूफॉर्म्स' या नावाने नवी रचना दाखल झाली आणि सप्टेंबर २००८च्या १.० आवृत्तीत तिनेच जुन्या रचनेची जागा घेतली. तिने तीन जबाबदाऱ्या वेगळ्या केल्या. 'फील्ड' म्हणजे मूल्याचा अर्थ जाणणारी वस्तू. 'विजेट' म्हणजे ते मूल्य पडद्यावर कसे दिसावे हे जाणणारी वस्तू. 'फॉर्म' म्हणजे फील्डांना एकत्र धरणारी वस्तू. तारीख एका चौकटीत लिहून घ्यायची की तीन याद्यांतून निवडायला लावायची, हा विजेटचा प्रश्न. दोन्ही ठिकाणी तारखेचा नियम मात्र एकच.

१९/
तपासणी आणि रूपांतर येथे एका क्रियेत आले. त्या क्रियेला 'क्लीन' असे नाव आहे : कच्चा मजकूर आत जातो, एक तर शुद्ध मूल्य बाहेर येते किंवा हरकत नोंदवली जाते. प्रत्येक फील्ड फक्त स्वतःपुरते पाहते. 'परतीची तारीख निघण्याच्या तारखेनंतरची असावी' असा दोन चौकटींना जोडणारा नियम फॉर्मकडे जातो, कारण दोन्ही तारखा त्यालाच दिसतात. शुद्ध झालेली मूल्ये वेगळ्या कोशात ठेवली जातात, त्यामुळे तपासलेले आणि न तपासलेले यांची सरमिसळ टळते.

२०/
अर्ज भरणाऱ्याच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिल्या चुकीपाशी न थांबता फॉर्म सर्व फील्डांच्या हरकती गोळा करतो. 'आता हे चुकले, आता ते' अशा फेऱ्या मारायला लावत नाही. आणि नाकारलेला अर्ज परत येताना माणसाने भरलेला मूळ मजकूर जसाच्या तसा घेऊन येतो. कचेरीत एका रकान्यासाठी संपूर्ण अर्ज फाडून नवा भरायला लावणारा कारकून आणि चूक दाखवून तोच कागद परत देणारा कारकून यांत जो फरक आहे, तोच हा.

२१/
तरी एक अडचण राहिली. नवा नियम हवा असेल, तर फील्डचा नवा उपवर्ग काढावा लागे. दोन नियम एकत्र हवे असतील, तर वारसा गुंतागुंतीचा होई. शिवाय अर्जाबाहेरून येणाऱ्या माहितीला हे नियम लागू नव्हते. मे २०१०च्या १.२ आवृत्तीत 'व्हॅलिडेटर' स्वतंत्र झाले : एकच मूल्य घेणारी आणि पटले नाही तर हरकत नोंदवणारी छोटी वस्तू. तीच फील्डला जोडता येते आणि माहितीच्या वर्गालाही. आदल्याच वर्षी जाव्हाच्या जगात बीन व्हॅलिडेशन हे प्रमाण याच दिशेने गेले होते. वारशाऐवजी जोडणी, हा वस्तुनिष्ठ रचनेचा जुना सल्ला अर्जांनी उशिरा ऐकला.

२२/
ब्राउझरची बाजूही बदलत होती. डब्ल्यूथ्रीसीने ऑक्टोबर २००३मध्ये एक्सफॉर्म्स हे महत्त्वाकांक्षी प्रमाण जाहीर केले. पण मोठ्या ब्राउझरांनी ते आपलेसे केले नाही. इयान हिक्सन यांच्या पुढाकाराने आलेल्या वेब फॉर्म्स २.० या तुलनेने साध्या प्रस्तावातील कल्पना एचटीएमएल ५मध्ये उतरल्या आणि ऑक्टोबर २०१४मध्ये प्रमाण झाल्या. 'ही चौकट आवश्यक' एवढे सांगायची सोय अधिकृत एचटीएमएलमध्ये यायला पहिल्या अर्जानंतर २१ वर्षे गेली. ईमेलच्या व्याख्येबाबत या प्रमाणाने मूळ ईमेल-प्रमाणाचा भंग आपण जाणूनबुजून करत आहोत, असे स्वतःच नमूद केले. मूळ व्याख्या व्यवहारात वापरता येण्याजोगी नव्हती.

२३/
पुनर्वापराचा खरा कस लागला तो देशोदेशींच्या नियमांत. जँगोसोबत 'लोकलफ्लेव्हर' हा संग्रह येत असे. देशागणिक टपाल क्रमांक, राज्ये, ओळख क्रमांक यांची तयार फील्ड त्यात होती आणि प्रत्येक देशाचा विभाग दोन अक्षरी संकेताने ओळखला जाई. भारताचा संकेत 'इन' आणि आइसलँडचा 'इझ'. दोन्ही पायथन भाषेचे राखीव शब्द निघाले. म्हणून या दोन देशांच्या नावांपुढे अधोरेखा जोडावी लागली; ती अजूनही आहे. देशाचे नाव काय असावे, हे येथे भाषेच्या व्याकरणाने ठरवले.

२४/
भारतीय पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला; त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा अंक, पहिला कधीच शून्य नाही. गोव्याचे क्रमांक ४०३ने सुरू होतात, मुंबईचे ४००ने. लोकलफ्लेव्हरमधील फील्डचा पहिला नियम होता : सलग सहा अंक. पण पाकिटावर अनेक जण '४०० ००१' असे, मध्ये जागा सोडून लिहितात. तो क्रमांक नाकारला जाई. नंतर नियम सुधारला : जागा असली तरी स्वीकारायची आणि आत घेताना काढून टाकायची. एका ओळीची ही दुरुस्ती नवी आवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळापर्यंत पोहोचली. पुनर्वापराचे फळ ते हेच. मात्र त्या फील्डच्या नावात अमेरिकेचा 'झिप कोड' कायम राहिला.

२५/
पुनर्वापराची दुसरी बाजू नावांत दिसते. २०१० साली जॉन ग्रॅहम-कमिंग यांनी तक्रार केली की एका संगणकप्रणालीने त्यांच्या आडनावात अवैध चिन्हे असल्याचे सांगितले. ती वाचून पॅट्रिक मॅकेन्झी यांनी नावांविषयी प्रोग्रॅमरांच्या चाळीस चुकीच्या समजुतींची यादी लिहिली : प्रत्येकाला आडनाव असते, नाव बदलत नाही, नाव एकाच लिपीत असते, इत्यादी. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असा तीन पदांचा प्रघात. तमिळनाडूत अनेकांना आडनावच नाही. 'आडनाव आवश्यक' हा एका देशातील निरुपद्रवी नियम दुसऱ्या प्रदेशात खोटे लिहायला भाग पाडतो.

२६/
मराठीपुरते उदाहरण अधिक बोलके आहे. रोमन ए ते झेड एवढीच अक्षरे मानणारा साचा देवनागरीला सरळ नाकारतो, हे उघडच. पण युनिकोड मानणाऱ्या पायथन ३मध्येही 'शब्दातील अक्षर' ओळखणारे प्रमाणित चिन्ह 'कमल' हे नाव स्वीकारते आणि 'कमला' नाकारते. कारण काना हे त्याच्या लेखी अक्षर नसून जोडचिन्ह आहे, आणि जोडचिन्हांना त्या साच्यात स्थान नाही. गंमत अशी की त्याच भाषेतील 'अंक' ओळखणारे चिन्ह देवनागरी '४००००१' मात्र बिनतक्रार घेते. अंकांना प्रवेश, मात्रांना मज्जाव. लांबीचेही तेच : 'ज्योत्स्ना' वाचताना दोन अक्षरे, संगणकाच्या मोजणीत दहा.

२७/
ईमेलचीही हीच कथा. ऑगस्ट २०१४मध्ये देवनागरी '.भारत' हे डोमेन सुरू झाले. बिगररोमन ईमेल पत्त्यांची प्रमाणे २०१२ साली आली होती. तरीही एचटीएमएल ५च्या ईमेल-चौकटीच्या व्याख्येत 'अॅट' चिन्हाच्या डावीकडे रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हेच बसतात. एक तांत्रिक प्रमाण पत्ता वैध ठरवते, दुसरे तोच पत्ता दारात अडवते. आणि ही चौकट जगातील प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. पुनर्वापराचा याहून मोठा नमुना क्वचितच सापडेल.

२८/
मग नियम कोठे न्याय्य आणि कोठे जाचक? आधारचे उदाहरण येथे दिशा दाखवते. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. त्याच्या बारा अंकांतील शेवटचा अंक डच गणिती याकोबस व्हरहुफ यांच्या १९६९च्या पद्धतीने निघतो. लूनच्या सूत्राला '०९' आणि '९०' यांची अदलाबदल कळत नाही. व्हरहुफची पद्धत शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते. येथे कठोर तपासणी कोणावर अन्याय करत नाही, कारण तो क्रमांक संस्थेनेच घडवलेला आहे आणि त्याचा नियमही तिचाच आहे.

२९/
नावाचे तसे नाही. नाव अर्जाच्या आधीपासून अस्तित्वात असते. ते कोणत्याही प्रणालीने दिलेले नसते. टपाल क्रमांक, कार्ड क्रमांक, आधार यांच्याबाबत संगणक 'हे चूक आहे' असे म्हणू शकतो, कारण बरोबर काय हे ठरवण्याचा अधिकार क्रमांक देणाऱ्याकडे असतो. नावाबाबत तो फार तर 'ही चौकट रिकामी आहे' एवढेच म्हणू शकतो. पुनर्वापराचे घटक घडवणाऱ्यांनी साचा, लांबी, आवश्यकता ही हत्यारे दोन्हींसाठी सारखीच उपलब्ध केली. भेद करणे प्रोग्रॅमरवर सोडले, आणि घाईत तो भेद वारंवार पुसला गेला.

३०/
छिद्रांकित कार्डाची खाच एका कार्डापुरती असे. चुकीचा कारकून एका कचेरीपुरता असे. पुन्हा वापरता येणारा घटक मात्र जेथे जातो, तेथे आपला समज सोबत नेतो. म्हणून त्याची दुरुस्तीही तितकीच दूरवर जाते : पिन कोडमधील एक मोकळी जागा स्वीकारली गेली आणि ती जागा सोडणाऱ्या कित्येकांची लाल ओळ नाहीशी झाली. 'कमला'मधील काना अजून अनेक दारांत थांबलेला आहे. त्याला आत घेणारी दुरुस्तीही जेमतेम एका ओळीची आहे.

(धागा समाप्त)